इरातीकाठचा स्नेह
हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो राइझेस’ (१९२६) या कादंबरीची चर्चा बहुधा मद्यपान आणि बैलझुंजी यांपाशीच अडते. तिचे मर्म मला स्पेनमधील इराती नदीकाठी आढळते. ऐन उन्हाळ्यात जेक बंधाऱ्यापाशी गळाला गांडूळ लावून ट्राउट धरतो; त्याचा मित्र बिल पिसांची कृत्रिम माशी वापरतो. बिलचे मासे मोठे निघतात, तरी मत्सर कोणाला शिवत नाही. तिथेच भेटलेला इंग्रज हॅरिस निरोप घेताना स्वतः बांधलेल्या कृत्रिम माश्या दोघांना देतो. केवढा अबोल जिव्हाळा!

मात्र नायिका ब्रेट दूर असतानाच हे सौख्य नांदते. पुढे पाम्प्लोनात ती येते आणि मित्र मित्रावर हात टाकतो. नदीकाठचा निर्मत्सर स्नेह स्त्रीच्या सहवासात का टिकू नये, हे लेखक विचारीतच नाही. या सुंदर प्रकरणामागचे हे उणेपण मला सलते.