नऊ, नऊ, आठ, सात, सहा

टोनी गॅडिस यांच्या ‘स्टार्टिंग आउट विथ सी प्लस प्लस’ या अमेरिकी पाठ्यपुस्तकात ‘स्टार सर्च’ नावाचा एक स्वाध्याय आहे. कलागुणांची स्पर्धा. परीक्षक ५, प्रत्येकाने ० ते १० पर्यंत गुण द्यायचे, साडेसात, सव्वाआठ असे अपूर्णांकही चालतील. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळायचा आणि उरलेल्या तिघांची सरासरी स्पर्धकाच्या पदरात टाकायची. प्रोग्रॅमिंग शिकवताना हा स्वाध्याय मी इतक्या वर्गांना दिला आहे, की त्याची उत्तरे आता बंदिशीसारखी ऐकते. बंदिश तीच, गळा दर वेळी वेगळा.

पुस्तक कामाची चार घरे आखून देते. एक फंक्शन परीक्षकाचे गुण विचारून घेते, एक सर्वांत लहान आकडा शोधते, एक सर्वांत मोठा, आणि चौथे या दोघांना हाताशी धरून निकाल लावते. हे प्रकरण अॅरेच्या, म्हणजे अनेक आकडे एकाच नावाखाली ओळीने ठेवण्याच्या सोयीच्या, आधीचे आहे, त्यामुळे ५ आकड्यांसाठी ५ सुटे व्हेरिएबल्स. अनुभवी माणसाला ते ओबडधोबड वाटेल. मला मात्र ते आवडते, कारण प्रत्येक आकड्याला त्याचे नाव राहते.

गुण विचारणाऱ्या फंक्शनमध्ये सगळे एका चिन्हावर अडते: व्हेरिएबलच्या नावाआधीचा ॲम्परसँड (&). तो लिहायचा राहिला, तर फंक्शनच्या हाती गुणांची झेरॉक्स जाते. परीक्षक त्या झेरॉक्सवर गुण लिहितो आणि मूळ कागद कोराच राहतो. चिन्ह घातले की मूळ कागदच पुढे सरकतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हा एक क्षण असा येतो, की बाकांवरून ‘अच्छा!’ असा आवाज उठतो. त्या आवाजासाठी मी हा स्वाध्याय दर वर्षी ठेवते.

खरी गंमत सर्वांत लहान आकडा शोधण्यात आहे. एकदा एक मुलगी लॅबमध्ये हात वर करून म्हणाली, “मॅडम, ९, ९, ८, ७, ६ दिले, तर उत्तर १० येतंय. एकानेही १० दिले नाहीत!” मी तिच्या स्क्रीनजवळ गेले. सर्वांत लहान आकडा ठेवणाऱ्या ‘लोएस्ट’ या व्हेरिएबलची सुरुवात तिने ० पासून केली होती. मग प्रत्येक आकडा त्याहून लहान आहे का, हे तिचा कोड इमानाने विचारत होता. शून्याहून लहान कोण असणार? ‘लोएस्ट’ शून्यावरच बसून राहिला. बेरीज ३९, वजा ९, वजा ०, उरले ३०, भागिले ३. पूर्ण १०! चुकीचे उत्तर इतके देखणे असू शकते, हे तिच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आले. मग तिने स्वतःच ओळ बदलली: पहिल्या परीक्षकाचा आकडा तूर्त सर्वांत लहान मानायचा आणि बाकीच्या चौघांना त्याच्याशी ताडून पाहायचे. उत्तर ८ आले. ‘तूर्त’ हा शब्द कोडमध्ये कुठेही लिहिलेला नसतो, पण ती ओळ उभी असते ती त्याच्यावरच.

आता निकालाची ओळ. तिच्याकडे मी रसिकाच्या नजरेने पाहते. पाचांची बेरीज, वजा लहान, वजा मोठा, भागिले ३. कोणाला बाजूला काढायचे हे ती शोधतच नाही, नुसती वजाबाकी करते. वर्गात काही मुले अधिक कष्टाचा मार्ग धरतात: जो आकडा सर्वांत मोठ्याइतका किंवा सर्वांत लहानाइतका असेल तो सोडायचा आणि उरलेल्यांची बेरीज करायची. वरच्या आकड्यांत ९ दोनदा आहे. दोन्ही ९ गळतात, ६ गळतो, उरतात ८ आणि ७. बेरीज १५, भागिले ३, म्हणजे ५. दोघा परीक्षकांना एक स्पर्धक सारखीच भावली, म्हणून तिचे ३ गुण गेले! वजाबाकीच्या ओळीत हा अन्याय घडूच शकत नाही. तिथे एक ९ जातो, एक ९ राहतो, आणि कोणत्या परीक्षकाचा गेला हे विचारण्याची वेळच येत नाही.

० पेक्षा कमी आणि १० पेक्षा जास्त गुण नाकारायचे, अशी अटही आहे. इथे ‘इफ’ लिहिणारा एकदाच टोकतो, दुसऱ्यांदा दिलेला चुकीचा आकडा आत शिरतो. ‘व्हाइल’ लिहिणारा नीट उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहतो. आणि घाईत कोणी ‘१० पेक्षा जास्त’च्या जागी ‘१० किंवा जास्त’ लिहिले, तर सर्वोत्तम सादरीकरणच दारातून परत जाते. तेव्हा मला १९७६ चे माँट्रियल ऑलिंपिक आठवते. रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये १० पैकी १० मिळाले आणि गुणफलकावर दिसले १.००. १०.०० दाखवायला त्या फलकावर जागाच नव्हती.

स्वाध्याय जमला, की मी मुलांना डायव्हिंगच्या स्पर्धेकडे नेते. तिथे ७ परीक्षक बसले, तर वरचे २ आणि खालचे २ गुण गळतात, मधल्या तिघांची बेरीज होते आणि ती उडीच्या काठिण्याने गुणली जाते. मधले तिन्ही गुण साडेआठ आणि काठिण्य ३.२ असेल, तर २५.५ गुणिले ३.२, म्हणजे ८१.६. आता आपली लाडकी वजाबाकी एकटी पुरत नाही. दोन मोठे शोधायचे, तर पहिला सापडल्यावर तो मोजणीतून काढून मग दुसरा शोधावा लागतो, आणि दोन सारखे आकडे पुन्हा वाट अडवतात. मुले ७ व्हेरिएबल्स लिहू लागतात, मध्येच थांबतात, आणि कोणीतरी विचारते, “मॅडम, आधी हे सगळे लहान-मोठ्या क्रमाने लावता आले तर?”

मी पुढचे प्रकरण उघडते.