देठ कुठंय?

निवृत्तीनंतर कुणी तीर्थयात्रा करतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद ओढवून घेतं. आमच्या ह्यांनी दुसरा मार्ग धरला, तेव्हा घरात निदान एक तरी माणूस शांत असावं म्हणून मी चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. जलरंगातली फुलं! डोंबिवलीत, दोन जिने चढून, पंचविशीतल्या एका मुलीकडे. ती मला ‘काकू’ म्हणते आणि माझ्या प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणते. सहा महिने हे ‘छान’ ऐकल्यावर मला खऱ्याखुऱ्या टीकेची अशी काही भूक लागली की सांगता सोय नाही.

खरी टीका म्हणजे आमच्या आईची. आई २०११ च्या भाद्रपदात गेली. तिचं शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी. चित्रकलेशी संबंध म्हणाल तर चैत्रांगणापुरता. पण फुलांच्या चित्राबद्दल तिच्याइतकं नेमकं बोलणारं माणूस मला पुढे ना पुस्तकात भेटलं, ना प्रदर्शनात.

तिच्या हाताखालची माझी पहिली परीक्षा अजून आठवते. मी असेन बारा-तेरा वर्षांची. एलिमेंटरीच्या ड्रॉइंग परीक्षेला बसले होते आणि वाईच्या घरी ओसरीवर सराव चालला होता. मध्ये एक गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली दोन पानं. आई परडी घेऊन चालली होती, थांबली.

“काय काढलंयस?”

“फूल.”

“कसलं?”

“कसलं म्हणजे? फूल!”

“नाव नाही त्याला? उद्या तुला मी ‘ए मुली’ म्हणून हाक मारली तर चालेल?” आणि मग जरा वाकून, “आणि देठ कुठंय ह्याचा? हवेत लटकतंय होय?”

परीक्षेला नेमकी जास्वंद आली. मला ‘सी’ ग्रेड मिळाली. आईला मी जास्वंद आठवून पुन्हा काढून दाखवली, तेव्हा तिने फक्त मधल्या दांड्याच्या टोकाला बोट लावलं. “इथे पाच लाल ठिपके असतात. गणपतीला रोज वाहते मी. तुझ्या परीक्षकाला ते ठाऊक असणार.” परीक्षकाला ते ठाऊक होतं का, देव जाणे. पण मी पुढे कित्येक जास्वंदी मोजल्या. पाचच असतात.

हे तिला कळायचं कारण साधं होतं. तिने आयुष्यभर फुलं नुसती पाहिली नाहीत, हाताळली. पहाटे उठून खुडली, वेचली, निवडली, ओवली, दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून काढली. तगरीच्या पाकळ्या सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या असतात हे तिला बोटांनी माहीत होतं. त्यामुळे चित्र पाहताना तिचे डोळे आधी फुलाकडे जातच नसत. हे फूल काढणाऱ्याने ते कधी खुडलं होतं का, एवढंच ती बघायची. मी आता एवढी पुस्तकं चाळली, पण ह्यापेक्षा चोख कसोटी काही माझ्या हाती लागलेली नाही.

ह्या कसोटीतून देवही सुटत नसत. आमच्या माजघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती, मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांपैकी, आजीच्या वेळची. तळ्यात कमळावर उभी, दोन हातांत दोन कमळं, बाजूला हत्ती. आई रोज तिला हळद-कुंकू लावायची, आणि दर दिवाळीला तसबीर पुसताना एकदा तरी म्हणायचीच, “बाई ग, एवढी जरीची साडी, एवढे दागिने, आणि पायाखाली एक कमळ! देठाला काय होत असेल?” भक्तीत कमी नव्हती हो. काळजी देठाची होती.

पुढे माझं लग्न झालं आणि ह्यांच्या ऑफिसातून एका वर्षी परदेशी चित्रांचं भारी कॅलेंडर मिळालं. जुन्या डच चित्रकारांचे पुष्पगुच्छ. पाकळीवर दवाचा थेंब, थेंबात खिडकीचं प्रतिबिंब, पानावर मुंगी. मी ते मोठ्या दिमाखात वाईला नेलं. आईने चष्मा लावून पाहिलं, मुंगीचं कौतुक केलं, आणि मग म्हणाली, “ह्यातलं हे गुलाबाचं आणि हे कांद्याच्या पातीसारखी पानं असलेलं, ही दोन्ही एकदम कशी फुलली?”

“आई, ते तिकडचं आहे.”

“तिकडे ऋतू नसतात? आपल्याकडे कुणी मोगरा, सोनटक्का नि कुंद एका हारात ओवून दाखवावा! एक चैत्र-वैशाखातला, एक पावसाळ्यातला, एक थंडीतला. आणि एवढ्याशा तोंडाच्या फुलदाणीत चाळीस देठ मावतील का ग? वरची फुलं उभी कशावर आहेत?”

मी तेव्हा तिची समजूत घातली की, आई, हे फार थोर लोक आहेत. पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. ती चित्रं खरोखरच एका बैठकीतली नसत. ऋतूऋतूचं फूल येईल तसं त्यात भरलं जाई. यान ब्रॉयगेलसारखा चित्रकार घरच्या गावात न मिळणाऱ्या फुलांसाठी अँटवर्पहून ब्रुसेल्सला जायचा. यान व्हॅन हायसम नावाच्या गृहस्थांनी तर १७४२ मध्ये कळवलं होतं की, पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय! लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांचं एक फुलांचं चित्र आहे, त्याच्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं घातलेली आहेत. म्हणजे वाईच्या ओसरीवरून, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेल्या अवस्थेत, आईने अडीचशे वर्षांपूर्वीची चोरी पकडली होती. व्हॅन हायसमसाहेबांबद्दल मात्र माझं मत त्या दिवसापासून चांगलं झालं. पिवळ्या गुलाबासाठी अडून बसणारा माणूस आईला चालला असता. तिनेही एकदा अनंताचं फूल उद्या उमलेल म्हणून माझ्या भावाकडे जायचं एस.टी.चं रिझर्व्हेशन बुडवलं होतं.

१९८७ च्या मार्चअखेर व्हॅन गॉगची ‘सूर्यफुलं’ लंडनच्या लिलावात विकली गेली. एका जपानी विमा कंपनीने सव्वादोन कोटींच्या वर, जवळजवळ अडीच कोटी पौंड मोजले. वर्तमानपत्रात बातमी होती, फोटो होता. वडिलांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि पैशाच्या आकड्यापाशी थांबून पाणी प्यायले. आई वाती वळत होती.

“बघू,” म्हणाली. काळ्यापांढऱ्या फोटोत पिवळं काय दिसणार! तरी तिने बराच वेळ पाहिलं. “ह्यातली निम्मी कालची आहेत. ही तर बी धरलीत. निर्माल्य आहे हे.”

वडील म्हणाले, “अगं, अडीच कोटींचं आहे!”

“असू दे. पण ह्याने फुलं घरात ठेवली होती हो. वाळेपर्यंत ठेवली होती. दुकानातून आणून लगेच काढलेली नाहीत.”

मला वाटतं, व्हॅन गॉगवर ह्याहून आपुलकीचं कुणी बोललं नसेल. खरंच त्या चित्रांत टवटवीत फूल, माना टाकलेलं फूल आणि नुसता बियांचा गड्डा, सगळी एकाच भांड्यात नांदतात. आता तर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की, त्याने वापरलेल्या क्रोम यलोपैकी काही रंग उजेडाने तपकिरी पडत जातो. अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियमने २०१९ मध्ये ठरवलं की, आपलं सूर्यफुलांचं चित्र ह्यापुढे प्रवासाला पाठवायचं नाही. वय झालं की माणसाला सांगतात ना, आता गावाला जाणं बंद, तसं. रंगवलेली फुलंही शेवटी निर्माल्याच्या वाटेलाच लागतात हे ऐकून आईला समाधान वाटलं असतं. प्लास्टिकच्या फुलांवर तिचा राग होता तो एवढ्याचसाठी.

मोने तिला जरा उशिरा भेटला. १९९९ मध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती विश्रांतीला माझ्याकडे राहायला आली. पट्टी सुटल्यावर पहिलं वाक्य, “अगं, तुझी भिंत निळी आहे होय? मला दहा वर्षं राखाडीच वाटत होती. बरं दिसत नाही म्हणून बोलले नव्हते.” तेव्हा मी तिला मोनेच्या तळ्याचं पुस्तक दाखवलं. त्यालाही मोतीबिंदू, ऑपरेशन १९२३ मध्ये, आणि नंतर रंगांवरून डॉक्टरांशी कटकट. त्याने कमळांची अडीचशेच्या आसपास चित्रं काढली हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे रोजचा नेमच.” मग फुलांवरची धूळ काढायला आणि तळं साफ ठेवायला त्याने खास माळी ठेवला होता असं सांगितलं, तर तिने पुस्तक मांडीवर ओढलं. बघताना एकदाही देठाचं नाव काढलं नाही. मीच विचारलं. “पाण्याखाली आहेत की,” ती म्हणाली, “कळतात.”

एका चित्राबद्दल मात्र तिचं मत मला मिळायचं राहिलं. २०१४ च्या नोव्हेंबरात जॉर्जिया ओकीफ ह्या अमेरिकन बाईंनी १९३२ साली काढलेलं पांढऱ्या फुलाचं चित्र चार कोटी चव्वेचाळीस लाख डॉलरला गेलं. स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात तोपर्यंत एवढे पैसे कधी मिळाले नव्हते. मी मोठ्या उत्सुकतेने फोटो पाहिला, आणि बघते तर काय, धोतरा! आमच्या परसात उकिरड्याच्या कडेला उगवायचा त्याच जातीतला. महाशिवरात्रीला आणायला पाठवायची आणि मागून ओरडायची, “हात धू ग, विषारी असतं!” वर्षातून एक दिवस सोडला तर ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या फुलाचं एवढं मोठं चित्र आणि एवढं मोठं मोल! ही बातमी आईला सांगायला हवी होती. तिने मुख्य म्हणजे काय विचारलं असतं, तेही मला माहीत आहे. विकत घेणाऱ्याने हात धुतले का?

आता माझ्या क्लासबद्दल. इथे ‘लूज’ काढायला शिकवतात. “काकू, लूज करा, फार घट्ट होतंय.” मोबाईलवरही हेच. ब्रश पाण्यात बुडवायचा, रंगात टेकवायचा, कागदावर गरकन फिरवायचा, झाला गुलाब! पाच मिनिटांत बारा गुलाब होतात, सगळे सख्ख्या भावंडांसारखे. दिसतात सुरेख, खोटं कशाला बोलू. पण त्यांना काटा नाही, कळी नाही, किडीने खाल्लेलं पान नाही. ते कुणी खुडलेले नाहीत आणि कुणाच्या केसांत जाणारही नाहीत. सकाळी सकाळी फोनवर ‘शुभ प्रभात’ घेऊन येणारे गुलाब ह्यांचेच चुलत भाऊ. ह्यांना आईने नाव विचारलं असतं आणि ते बिचारे गप्प उभे राहिले असते.

तेव्हा मी ठरवलं, आपण आपला पारिजातक काढायचा. आईचं फूल. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण पारिजातकाला ती सूट आहे. श्रावण लागला की आमच्या देवघरात परडीभर पांढरं-केशरी असायचं. एवढं साधं फूल, पण जलरंगात महाकठीण! कारण पांढरा रंग लावायचा नसतो. कागद तेवढा कोरा सोडायचा आणि भोवतालचं रंगवायचं. बाईंनी हे समजावलं तेव्हा मला आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला: “म्हणजे फूल काढायचंच नाही, शेजार काढायचा?”

सात-आठ कागद फुकट गेले. परडी चांगली यायची, फुलंही यायची. पण सगळी वर तोंड करून बसलेली, फोटो काढून घ्यायला बसवल्यासारखी. बाई म्हणाल्या, “छान.” मी मात्र बघत राहिले. देठ कुठंय? ज्या फुलाची सगळी ऐट त्या केशरी देठात, त्याचा देठच मला दिसत नव्हता. आणि मग लक्षात आलं की, मी पारिजातक पाहिलाय तो परडीतला. आईने वेचून, नीट उताणा लावून ठेवलेला. झाडाखाली सडा पडलेला असायचा तेव्हा मी पांघरुणात असायची. वीस वर्षं त्या घरात राहिले, आणि ती एकदाही उठवायला आली नाही. “झोपू दे, शाळा आहे तिला.” मी आईच्या नजरेने इतरांची चित्रं तपासत होते, आणि माझं स्वतःचं फूल मात्र आयतं, तिच्या हातचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचचा गजर लावला. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीजवळ एक पारिजातक आहे. ह्यांनी सेक्रेटरी ह्या नात्याने एकदा तो कचरा करतो म्हणून छाटायचा ठराव मांडला होता. मी घरातूनच तो नामंजूर करवला. वही-पेन्सिल आणि बसायला पाट घेऊन खाली गेले. तळमजल्यावरच्या आजी आधीच पिशवी घेऊन हजर. निम्मा सडा त्यांच्या पिशवीत गेला होता. “लवकर वेचा हो, ऊन आलं की गेलं सगळं,” त्या म्हणाल्या.

मी वेचलं नाही. गुडघे कुरकुरत होते ते न ऐकता पाटावर बसले आणि बघितलं. बहुतेक फुलं पालथी पडली होती. पाकळ्या मातीला टेकलेल्या आणि देठ वर. जिकडे बघावं तिकडे नुसते केशरी देठ.

मी भराभर काढत सुटले. पाच-सहा झाली असतील, तेवढ्यात झाडू मारणारा पोरगा आला. जरा वेळ झाडूवर हनुवटी टेकून वहीत बघत राहिला.

“आंटी,” शेवटी त्याला राहवेना, “फूल तो उल्टा बनाया आपने.”