नटीचे आत्मकथन : 'सांगत्ये ऐका'

नटनट्यांच्या आत्मचरित्रांकडे आमचा सुशिक्षित वाचक बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. एक तर तो त्यांत चविष्ट प्रकरणे धुंडाळतो. नाही तर असली पुस्तके वाङ्मयाच्या पंक्तीस बसविण्याजोगी नव्हेत असे म्हणून ती बाजूस सारतो. श्रीमती हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनास या दोन्ही दृष्टी सारख्याच अन्यायकारक आहेत, असे आम्हांस वाटते. प्रथम 'माणूस'मधून प्रसिद्ध झालेले हे निवेदन १९७० साली राजहंस प्रकाशनाने ग्रंथरूपाने काढले. पुढच्याच वर्षी बाई निवर्तल्या.

बाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास 'विजयाची लग्ने' या बोलपटातून त्या पडद्यावर आल्या. घरच्या आडनावास सिनेमाचा डाग लागू नये म्हणून त्या 'वाडकर' झाल्या. घर चालले ते मात्र सिनेमाच्याच पैशावर. या एका गोष्टीत साऱ्या पुस्तकाचे मर्म साठविलेले आहे. जिच्या कमाईवाचून चूल पेटत नाही, तिचे नाव उंबरठ्याबाहेर असावे, हा तो न्याय होय. पुढे लग्न झाले तरी न्याय बदलला नाही. संसार करावा, चित्रपट सोडावा, अशी बाईंची इच्छा. आणि ती सोडून बाकी सर्वांस हवी असलेली त्यांची मिळकत, हा झगडा पुस्तकात अखेरपर्यंत चालू राहतो. बाईंचे मद्यपान अथवा परपुरुषांशी संबंध यांवरच ज्यांची नजर खिळते, त्यांनी पुस्तकातील हा जमाखर्च वाचलाच नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.

आता पडद्यावरील बाई पाहा. १९४१ साली प्रभातच्या 'संत सखू'मध्ये त्या सासुरवास सोसणारी सखू झाल्या. १९४७ साली राजकमलच्या 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये तमाशातील बयाबाई झाल्या. प्रेक्षकांनी या दोन्ही भूमिकांस डोक्यावर घेतले. सोशिक सून आणि फडावरची नाचणारी, या दोन मूर्तींपलीकडची स्त्री त्या काळच्या मराठी चित्रपटास फारशी सुचत नव्हती. आणि बाईंना प्रत्यक्षात जगावयाचे होते ते नेमके या दोहोंच्या मधले साधे गृहिणीपद! पुस्तकाचे नाव ज्या चित्रपटावरून आले, तो अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ सालचा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. इतक्या टाळ्यांच्या धन्यास स्वतःचे म्हणता येईल असे एक घर मिळू नये, यातील विसंगती बाई कोठेही ओरडून सांगत नाहीत.

आम्हां मराठवाड्यातील वाचकांस या पुस्तकाचा एक भाग विशेष जवळचा वाटेल. मुंबईचे घर सोडून बाई काही काळ मराठवाड्यातील एका खेड्यात, एका गृहस्थाच्या घरी, त्याच्या इतर बायकांसमवेत राहिल्या. हवे होते ते गृहिणीपद येथे मिळाले, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक गेली. आमच्या गावगाड्याचे असे आतून पाहिलेले चित्र, तेही बाहेरून आलेल्या स्त्रीच्या तोंडून, मराठीत विरळा आढळते.

पुस्तकात वैगुण्ये नाहीत असे नव्हे. हे कथन अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. त्यामुळे वाक्य कोठे बाईंचे आणि कोठे लेखकाचे, हा संशय वाचकाची पाठ सोडीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त बाईंचा स्वतःचाच हात जाणवतो. तसा येथे जाणवत नाही. दुसरे असे की, अभिनयाच्या विद्येविषयी आम्हांस हवे होते तितके येथे मिळत नाही. बयाबाई उभी कशी केली, हे बाईंखेरीज कोण सांगणार होते?

तथापि या कथनाचे एक श्रेय मोठे आहे. अमेरिकेच्या मेरिलिन मन्रोचे आत्मकथनही दुसऱ्याच्या लेखणीतून उतरले. ते बाहेर पडले १९७४ साली, तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. हंसाबाई आपल्या हयातीत, ओळखीच्या माणसांदेखत बोलल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी याच पुस्तकाच्या आधारे 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. त्यात स्मिता पाटील यांनी केलेल्या कामास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु चित्रपटातील उषा ही विचार करून दुःख भोगणारी नायिका आहे. पुस्तकातील बाई आधी चुकतात, मग हसतात, आणि विचार वाचकावर सोपवितात. चित्रपट पाहून पुस्तक वाचल्याचे समाधान मानणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

नटीचे खासगी आयुष्य तिच्या कलेच्या मूल्यमापनात आणू नये, हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे. पण ज्या प्रेक्षकाने तिच्या कलेची किंमत तिकिटाच्या खिडकीवर चुकती केली, त्याने ती रक्कम पुढे कोणाच्या हाती गेली एवढे तरी विचारावे. हंसाबाईंनी त्याचे उत्तर देऊन ठेविले आहे. ते ऐकून घेण्याचे काम आमचे आहे.