भद्रावती आणि पोथीचें प्रामाण्य

चंद्रपूर जिल्ह्यांतील भांदक हीच जैमिनि-अश्वमेधांतील भद्रावती, आणि भीमानें यौवनाश्व राजाचा श्यामकर्ण घोडा येथूनच नेला, ही समजूत त्या प्रांतीं इतकी दृढ आहे कीं, आज शहरास भद्रावती हेंच नांव चालतें. रेल्वेस्थानक मात्र भांदकच राहिलें आहे. आधार विचारल्यास उत्तर एकच मिळतें : ‘पोथींत आहे.’ त्या उत्तराची परीक्षा करणें हा या टिपणाचा हेतु.

पोथींत आहे खरें, पण कोणत्या? व्यासांच्या आश्वमेधिक पर्वांत अर्जुन घोड्यामागें त्रिगर्त, प्राग्ज्योतिष, सिंधु, मणिपूर, मगध असा फिरतो. भद्रावतीची मोहीम तेथें नाहीं. ती जैमिनीच्या नांवावरील निराळ्या ग्रंथांत आहे, व श्रीधरस्वामींच्या ओव्यांनीं ती महाराष्ट्रांत घरोघर पोंचविली. शिवाय कथेंतील नगरी ती हीच, हें कथेवरून ठरत नाहीं. नामसादृश्यापलीकडे पुरावा आम्हांस कोणी दाखविलेला नाहीं.

मीमांसासूत्रकार जैमिनींनींच प्रामाण्याची कसोटी घालून दिली आहे. श्रुतीशीं विरोध आल्यास स्मृति त्याज्य. आणि वचनामागें लोभादि हेतु दिसल्यास तेंही प्रमाण नव्हे. वैसर्जन होमाचें वस्त्र अध्वर्यूनें घ्यावें, हें वचन शबरस्वामींनीं याच न्यायानें नाकारिलें. शास्त्रानेंच मोकळी ठेविलेली वाट चालणारास नास्तिक म्हणणें शास्त्रास धरून नाहीं.

भांदकचा मोठेपणा या कथेवर अवलंबून नाहीं. विजासन येथील बौद्ध लेणीं आहेत, राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याचा, सूर्यमंदिरास दिलेल्या दानाचा शके ६९४ (इ. स. ७७२) चा ताम्रपट येथेंच सांपडला. वैनगंगाकांठच्या मार्कंड्यासही हाच न्याय : ऋषीचें नांव श्रद्धेनें घ्यावें, देवळांचा काळ शिल्पावरून ठरवावा.

छापील ग्रंथांसही सवलत नको. भवदेव रणकेसरीचा शिलालेख दीर्घकाळ भांदकचा म्हणून उद्धृत होत असे. पुढें तो छत्तीसगडांतील आरंगचा ठरला. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरलें, एवढेंच त्याचें मूळ!

संग्राहकांस विनंती ही कीं, भांदक आणि भद्रावती हीं नांवें एकाच ठिकाणास लावणारा जुना कागद ज्यांच्या दप्तरीं असेल, त्यांनीं तो लेखनशकासह प्रसिद्ध करावा. तोंवर ही समजूत समजूत म्हणून जपावी. इतिहास म्हणून नोंदूं नये.