एका ध्वनिमुद्रकाचे ग्रंथालय

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात एका ध्वनिमुद्रकाची चर्चा पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु लोकगीत हे मुळात ऐकण्याचे वाङ्मय आहे. ते टिपून ठेवणाऱ्याच्या विवेकावरच पुढच्या पिढ्यांच्या कानी काय पडणार हे अवलंबून असते. म्हणून न्यूयॉर्कचे मोझेस ॲश यांच्या कार्याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

ॲश यांचा जन्म १९०५ मध्ये वॉर्सा येथे झाला. वडील शोलेम ॲश हे यिडिश भाषेतील ख्यातनाम कादंबरीकार. मुलाने मात्र लेखणी न धरता रेडिओचे तंत्र आत्मसात केले. १९४१ मध्ये त्यांनी लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाची खेळगाणी मुलांसाठी प्रसिद्ध केली, तेव्हा खुनाची शिक्षा भोगलेल्याच्या तोंडी बालगीते कशी, म्हणून नाके मुरडली गेली. १९४४ मध्ये वुडी गथ्री या भटक्या कवि-गायकाची शंभराहून अधिक गाणी त्यांनी थोड्याच आठवड्यांत मुद्रित केली. पुढे त्यांच्या 'डिस्क' या संस्थेचे दिवाळे निघाले. तरी खचून न जाता १९४८ मध्ये मॅरियन डिस्टलर यांच्या साहाय्याने त्यांनी 'फोकवेज'ची स्थापना केली.

त्यांची मुद्रणपद्धती साधी होती. शक्य तेथे एकच मायक्रोफोन ठेवावा, आणि गाणाऱ्याचा श्वास, वाद्याची खरखर जशीच्या तशी येऊ द्यावी. आवाजाला साजशृंगार चढविणे त्यांना मान्य नव्हते. तबकडीबरोबर माहितीपुस्तिका देण्याचा त्यांचा प्रघात पाहता, कादंबरीकाराच्या या पुत्राने ध्वनिमुद्रिकेलाच ग्रंथाची प्रतिष्ठा दिली असे म्हणावेसे वाटते. त्यांच्या २,१०० हून अधिक प्रकाशनांत देशोदेशींच्या संगीताबरोबर बेडकांच्या आवाजांचीही एक तबकडी आहे! खप नसला तरी कोणतीही तबकडी यादीतून काढावयाची नाही, हा त्यांचा दंडक. एखादे अक्षर कमी वापरात आहे म्हणून कोणी ते कोशातून वगळीत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे.

येथवर गौरव करणे सोपे आहे. परंतु गायकांना मानधन देण्याच्या बाबतीत ॲश यांचा हात आखडता होता, ही तक्रार अनेकांनी केली आहे. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी संपादिलेला चौऱ्याऐंशी जुन्या मुद्रणांचा संग्रह त्यांनी काढला, तोही मूळ कंपन्यांच्या परवानगीवाचून. त्या संग्रहाने अमेरिकेतील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनास केवढे बळ दिले हे सर्वश्रुत आहे. पण परिणाम थोर झाला म्हणून ऋण फिटत नाही. गाणे जिवंत ठेवणे आणि गाणाऱ्याला न्याय देणे ही दोन वेगळी कर्तव्ये होत. पहिले ॲश यांनी असामान्य निष्ठेने पाळले, दुसऱ्यात ते उणे पडले, असे आमचे मत आहे.

१९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेने फोकवेजचा संग्रह स्वीकारला, तो सर्व मुद्रणे सदैव उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर. बाजाराने टाकून दिलेल्या आवाजालाही जागा असावी, हा त्या अटीमागील आग्रह. कलावंत की यंत्रज्ञ, या वादात आम्ही पडत नाही. ज्याने स्वतः एकही गीत रचले नाही, त्याच्या आयुष्याचा अर्थ आम्हांस त्या एका अटीतच सापडतो.