‘स्मृतिचित्रां’तील सोवळे

परधर्माविषयीचा आदर सभेत सांगणे सोपे; त्याची खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विनोदाची स्तुती पुष्कळ झाली आहे. परंतु या ग्रंथाचे मर्म आम्हांस त्या उंबरठ्यावरच आढळते.

ज्या घरी बाजारातला जिन्नस धुतल्यावाचून आत येत नसे, अशा घरात लक्ष्मीबाई वाढल्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे गेल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी ते मोडावयास लावले नाही. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. संसार टिकला तो एकमताने नव्हे, तर एकमेकांस वेळ दिल्याने.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, त्यांचे मन विनोदाच्या ओघात आम्हांस पुरेसे दिसत नाही.

तथापि शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणाऱ्या आम्हां सुशिक्षितांस हा ग्रंथ अद्याप शिकवू शकेल. लक्ष्मीबाई प्रथम हसतात त्या स्वतःच्या सोवळ्यास. ते ज्यास साधले, त्यासच दुसऱ्याच्या आचारास मान देणे साधते.