राष्ट्रें कशानें जुळतात, कशानें तुटतात?

राजकीय भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक गोष्ट आम्हांस दरवर्षीं आढळते. देशाला एकत्र बांधणारीं बळें कोणतीं व त्याला फोडणारीं कोणतीं, असा प्रश्न आला कीं विद्यार्थी पानाच्या मधोमध रेघ ओढतो. डावीकडे धर्म, भाषा, समान इतिहास, आगगाडी असें लिहितो आणि उजवीकडे अंतर, डोंगर, भाषाभेद, पंथभेद लिहून मोकळा होतो. गुण त्याला द्यावेच लागतात, कारण पाठ्यपुस्तकांतहि हीच यादी असते. परंतु त्या यादीवर आमचा विश्वास बसत नाहीं, आणि तो कां बसत नाहीं हें येथें सांगण्याचा विचार आहे.

ही विचारसरणी भूगोलशास्त्रांत रूढ केली ती रिचर्ड हार्टशोर्न ह्या अमेरिकन पंडितांनीं. प्रत्येक राज्यांत आंत ओढणारीं व बाहेर लोटणारीं अशीं दोन प्रकारचीं बळें चालूं असतात, असें त्यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत प्रतिपादन केलें. त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. त्यांच्यापूर्वीं जर्मन पंडित राट्सेल ह्यांनीं राज्य म्हणजे एक वाढणारा जीव अशी कल्पना मांडली होती, आणि पुढें तिच्या आधारें परक्याची भूमि बळकावण्याचें समर्थनहि झालें. हार्टशोर्न ह्यांनीं अभ्यासकांचें लक्ष राज्याच्या वाढीवरून त्याच्या कार्याकडे वळविलें. शिवाय, हें राज्य असावेंच कां, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रजेजवळ असणें हेंच सर्वांत मोठें जोडणारें बळ, हा राट्सेल ह्यांच्याच लेखनांतील विचार त्यांनीं पुढें आणला. निबंधाचें मर्म तेंच होय. पण अनुयायांनीं मर्म सोडून यादी उचलली. थोडा दोष मूळ शब्दाचाहि आहे. बळ हा यंत्रशास्त्रांतला शब्द. तेथें बळाची दिशा ठरलेली असते. मनुष्याच्या व्यवहारांत ती ठरलेली नसते.

पाकिस्तानचेंच उदाहरण घ्या. त्याच्या दोन भागांमध्यें सुमारें १,६०० किलोमीटरचें अंतर होतें व मध्यें भारत होता. तेव्हां १९७१ सालीं तें राज्य अंतरामुळें फुटलें असें म्हणण्याचा मोह होतो. पण अंतर १९४७ सालींहि तेवढेंच होतें, आणि १९४६ च्या निवडणुकींत बंगालच्या मुसलमान मतदारांनीं आपल्या वांट्याच्या बहुतेक सर्व जागा मुस्लिम लीगलाच दिल्या होत्या. नकाशा बदलला नाहीं, व्यवहार बदलला. बंगाली ही निम्म्याहून अधिक प्रजेची भाषा असतां, मार्च १९४८ मध्यें जिना ह्यांनीं डाक्क्यास जाऊन राज्यभाषा उर्दूच होईल असें जाहीर केलें. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं त्याच शहरांत बंगालीसाठीं निदर्शनें करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या घटनेनें बंगालीला उर्दूच्या बरोबरीचें स्थान दिलें खरें. पण तोंवर मनें दुखावलीं होतीं, आणि पूर्वेच्या तागानें मिळविलेला पैसा पश्चिमेच्या उभारणीकडे जातो ही तक्रार वाढतच होती. डिसेंबर १९७० च्या निवडणुकींत अवामी लीगनें पूर्वेच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकीं १६० जिंकल्या व एकंदर ३०० मध्यें स्पष्ट बहुमत मिळविलें. तरी सभेची बैठक तहकूब झाली, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्रीं सैन्य रस्त्यावर आलें. अंतर खरोखर जाचूं लागलें तें ह्या वेळीं: भारतानें आपलें आकाश बंद केल्यामुळें पश्चिमेचीं विमानें सिलोनचा वळसा घेऊन डाक्क्यास जात होतीं. धर्म तोच होता, अंतरहि तेंच होतें. तुटला होता तो विश्वास.

उलट स्वित्झर्लंडांत उजव्या रकान्यांतलें जवळजवळ सर्व कांहीं आहे: आल्प्स पर्वत, चार भाषा, दोन ख्रिस्ती पंथ. नोव्हेंबर १८४७ मध्यें तेथें यादवी युद्धहि झालें. सात कॅथलिक घटक राज्यांनीं वेगळा संघ केला होता; तो महिन्याच्या आंत मोडला. पण जखमींस व कैद्यांस दयेनें वागवा, अशी विजयी सेनापति द्युफूर ह्यांची आज्ञा होती, आणि १८४८ च्या घटनेनें हरलेल्या राज्यांनाहि वरिष्ठ सभागृहांत जिंकलेल्यांच्या बरोबरीचें स्थान दिलें. पुढें जर्मनभाषी बहुसंख्या असलेल्या बर्न राज्यांत फ्रेंचभाषी ज्युरा प्रदेशाचें मन रमेना, तेव्हां लोकमत घेऊन १९७९ सालीं त्याच्या उत्तर भागाचें निराळें घटक राज्य करून दिलें. देश त्यामुळें फुटला नाहीं.

हीच परीक्षा आपल्याकडेहि झाली. १९४८ सालीं दार आयोगानें भाषावार प्रांतरचना राष्ट्रहिताची नव्हे असा अभिप्राय दिला. फाळणीची जखम ताजी असतां तें भय समजण्यासारखें होतें. परंतु १९५३ सालीं आंध्र, १९५६ सालीं इतर राज्यें, आणि मोठ्या चळवळीनंतर १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं झालीं. आणि जी भाषा देश फोडील म्हणून भीति होती तिनेंच सामान्य माणसाला कारभार आपलासा करून दिला.

आमच्या म्हणण्यालाहि मर्यादा आहे, ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चेकोस्लोव्हाकियांत १९६८ च्या कायद्यानें चेक व स्लोव्हाक ह्यांना संघराज्यांत समान दर्जा मिळाला होता. प्रथम तो कागदावरच राहिला. पण १९८९ नंतर मोकळेपणा येऊनहि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना एकत्र नांदण्याचें एक उत्तर सांपडेना, आणि १ जानेवारी १९९३ पासून दोन देश झाले. समान दर्जा ही एकीची हमी नव्हे. येथें हार्टशोर्न ह्यांचा मूळ प्रश्नच वरचढ ठरतो. तथापि तेथें रक्त सांडलें नाहीं, हें त्या समतेचेंच फळ असावें असें आम्हांस वाटतें.

तेव्हां भाषा जोडते कीं तोडते, हें भाषेला विचारून कळणार नाहीं. ती बोलणाऱ्यास कचेरींत, शाळेंत व सभागृहांत कसें वागविलें जातें, हें पाहिलें पाहिजे. आणि तें पाहण्यास डाक्क्यापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत आज बहुसंख्य आम्हीच आहों. बेळगांवच्या मराठी माणसासाठीं आम्ही जें मागतों, तें सोलापूरच्या कन्नड वा तेलुगु आणि गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या मुलास आम्ही मनापासून देतों का?